पुरे, रीळ संपेल!

निवृत्त माणसानं काय करू नये याची एक यादी छापून पेन्शनच्या कागदांबरोबरच त्याच्या हातात द्यायला हवी. तिच्यातलं पहिलं कलम मी आत्ताच सांगून ठेवतो : माळा आवरू नये.

मी आवरला. बँकेतून निवृत्त होऊन एकोणीस दिवस झाले होते. अठरा दिवस मी वर्तमानपत्र निविदा-सूचनांसकट वाचून काढलं. एकोणिसाव्या दिवशी हिनं 'नुसते बसलाच आहात तर...' अशी सुरुवात केली. या चार शब्दांनी सुरू झालेलं वाक्य कुठं जाऊन टेकेल याचा नेम नसतो. ते माळ्यावर टेकलं.

माळ्यावर बंद पडलेले दोन पंखे, वरवंटा हरवलेला पाटा, ताईच्या लग्नातला एक चौरंग आणि माझी कॉलेजातली पुस्तकं निघाली. पुस्तकांना कसर लागली होती. मला जे कधी जमलं नाही ते तिनं केलं होतं. पुस्तकात अगदी शेवटपर्यंत गेली होती. या सगळ्याच्या मागं, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला अण्णांचा प्रोजेक्टर होता आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची रिळं. मोजली. तेरा. चौदावं कुठं आहे ते मला ठाऊक होतं. ते मी स्वतः, फार काळजीनं, निराळं ठेवलं होतं. त्या काळजीबद्दल पुढं येईलच.

अण्णांना १९७१ साली कंपनीनं सहा महिने जर्मनीला पाठवलं. त्या काळी परदेशी गेलेला माणूस परत येताना ट्रान्झिस्टर आणायचा, नायलॉनच्या साड्या आणायचा. आमच्या अण्णांनी सिनेमा घ्यायचा कॅमेरा आणला. तोही जुना. त्याची एक गोष्टच आहे. 'सुपर एट' नावाची नवी फिल्म १९६५ साली निघाली होती आणि हौशी लोक तिच्या मागं लागले होते. त्यामुळं आधीच्या साध्या आठ मिलिमीटरचे कॅमेरे दुकानदार स्वस्तात काढून टाकत होते. जग ज्या दिवशी एखादी वस्तू टाकून देतं त्या दिवशी ती विकत घ्यायची, हे अण्णांचं धोरण होतं. आम्ही टेलिव्हिजनही असाच घेतला, लोकांकडं रंगीत आल्यावर काळा-पांढरा.

पण त्या कॅमेऱ्याची आणि अण्णांची पत्रिका मुळातच जुळत होती. ही आठ मिलिमीटरची फिल्म कोडॅकनं १९३२ साली काढली, म्हणजे ऐन मंदीत, आणि ती काढली काटकसरीसाठी. फिल्म घ्यायची सोळा मिलिमीटर रुंदीची, पंचवीस फूट. आधी तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रं घ्यायची, मग रीळ काढून उलटं बसवायचं आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीवर घ्यायची. धुतल्यावर ती मधोमध उभी चिरायची आणि टोकाला टोक जोडायचं. पंचवीस फुटांत पन्नास फूट! पाठकोऱ्या कागदांवर घरखर्च लिहिणाऱ्या अण्णांना याहून चांगला कॅमेरा अख्ख्या जर्मनीत मिळाला नसता.

तर असे ते पन्नास फूट. त्यात चार हजार चित्रं, आणि सेकंदाला सोळा या वेगानं ती चालतात फक्त चार मिनिटं दहा सेकंद. फिल्म इकडं सहजी मिळत नसे, महाग असे, आणि धुवायला जर्मनीला जाणारा ओळखीचा माणूस गाठावा लागे. त्यामुळं अण्णा कॅमेरा डोळ्याला लावून पुष्कळ वेळ उभे राहत आणि बटण मात्र फार थोडं दाबत. आम्ही ताटकळत हसायचो. हसणं संपून जांभई आली की नेमका कॅमेरा सुरू व्हायचा. चौदा रिळांचे मी हिशोब केले तेव्हा एकूण अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद झाली. एवढं आमचं बालपण. त्यात जांभयाच सहा.

गिरगावातल्या आमच्या चाळीत या चित्रपटांचे खेळ होत. गॅलरीत अण्णांचं धोतर ताणून बांधायचं, तोच पडदा. मध्ये वारा आला की माझी आत्या पोटात कळ आल्यासारखी वाकडी व्हायची. प्रोजेक्टरची घरघर एवढीच काय ती ध्वनिव्यवस्था, फिल्म मुकी. म्हणून प्रेक्षक स्वतःच संवाद म्हणत. आणि प्रत्येक रिळात कुठं ना कुठं आई यायची. ती कॅमेऱ्याकडं पाहायची, हात वर करायची, दोन-तीन शब्द बोलायची आणि बाजूला व्हायची. चौदाही रिळांत तेच.

अण्णा २००८ साली गेले. त्यानंतर प्रोजेक्टर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका दुकानात गेलो. या रिळांचं आजकाल संगणकावर चढवून देतात असं ऐकलं होतं. दुकानदारानं फुटावर दर सांगितला. मी फुटावर मोजून आजवर फक्त विजेची वायर घेतली आहे. सातशे फूट बालपणाचा गुणाकार मी तिथंच मनातल्या मनात केला आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघालो. जिना उतरता उतरता माझा निश्चय झाला : घरीच करायचं. हा निश्चय मी यापूर्वी एकदा गळक्या नळाच्या बाबतीत केला होता. तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांचं छत रंगवून द्यावं लागलं.

पहिली युक्ती अगदी सोपी. प्रोजेक्टर लावायचा, भिंतीवर चित्र पाडायचं, समोर मोबाइल धरायचा. पण प्रोजेक्टर चालू व्हायला हवा ना! त्याचा रबरी पट्टा वितळून काकवी झाली होती. त्याच्या जागी पेढ्यांच्या खोक्याचं रबर दुहेरी करून घातलं. दिवा गेला होता. तो खिशात घालून मी लोहार चाळीत हिंडलो. पहिल्या दोन दुकानदारांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडंही तसंच पाहिलं. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता शिडी मागवली आणि धुळीनं भरलेल्या खोक्यातून तसाच दिवा काढून दिला. 'परत येऊ नका,' म्हणाले. रागानं नव्हे, शेवटचाच होता.

दिवा पेटला, रीळ फिरलं आणि डोंबिवलीतल्या आमच्या हॉलच्या भिंतीवर गिरगावातला जिना उतरत ताई आली. मी आनंदानं मोबाइलवर पाहिलं तर ताई लुकलुकत होती. दिवाळीतल्या तोरणासारखी. याचं शास्त्र भाच्यानं मला नंतर समजावलं. प्रोजेक्टर प्रत्येक चित्राचा उजेड तीनदा तोडतो, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा; डोळ्याला ते कळत नाही. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घेतो. अठ्ठेचाळीस आणि तीस यांची पावलं जुळत नाहीत, म्हणून लुकलुक. आमच्याकडं नवरा-बायको फिरायला जातात तेव्हा मागचा माणूस अधूनमधून धावतो, तसंच.

मी मोबाइलच्या कळा दाबत असताना पेढ्यांच्या रबरानं राम म्हटला. रीळ थांबलं, दिवा थांबला नाही. पडद्यावर ताईच्या परकराच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला, त्याला फोड आला, आणि मी वायर उपटेपर्यंत तो ताईच्या कोपरापर्यंत पोचला होता. चार हजारांतलं एकच चित्र गेलं, मान्य. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ताईला इंदूरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "परकर गेला ना? चेहरा आहे ना? मग राहू दे. तो परकर मला तेव्हाही आवडायचा नाही."

यानंतर सूत्रं भाच्याकडं गेली. भाचा इंजिनिअर आहे, त्यामुळं त्याला सगळ्या गोष्टी सोप्या वाटतात आणि त्या तशा निघाल्या नाहीत की त्याला मौज वाटते. तो मित्राकडून एक यंत्र घेऊन आला. पोळपाटाएवढं. हे फिल्म पळवत नाही, एकेक चित्र पुढं सरकवून त्याचा फोटो काढतं. सेकंदाला दोन. खाली बारीक थंड दिवा, जळायची भीती नाही. चार मिनिटांच्या रिळाला तेहतीस मिनिटं लागतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायला नेमलेल्या माणसाला असतं तितकंच काम मला होतं : यंत्राशेजारी बसणे.

रिळं आधी पुसायची होती. हिच्या जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घडी करून धरायचा आणि त्यातून फिल्म हळूहळू ओढायची. तेव्हा मी प्रथमच ती चित्रं जवळून पाहिली. भिजल्या साबुदाण्याएवढं एकेक चित्र! त्या साबुदाण्यात आमची चाळ, चाळीत गॅलरी, गॅलरीत अकरा माणसं आणि एक कुंडी. उजेडाकडं धरलं की नुसत्या डोळ्यांनीही कळायचं, हा ठिपका म्हणजे मी. भाच्यानं पुढं हे सगळं एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं. तो मी गुपचूप उजेडाकडं धरून पाहिला. काही दिसत नाही. शिवाय भाचा म्हणतो, या वस्तू कधी दगा देतील सांगता येत नाही, तीन जागी तीन प्रती ठेवा आणि रिळं फेकू नका. पन्नास वर्षं बिस्किटांच्या डब्यात टिकलेल्या गोष्टीला सुरक्षित करायचं म्हणून एवढा खटाटोप, आणि शेवटी जामीन कोण, तर तोच बिस्किटांचा डबा!

पहिलं रीळ उतरलं आणि टीव्हीवर लावलं तर सगळे धावत होते. यंत्रानं सेकंदाला तीसच्या हिशोबानं चित्रं लावली होती. हवी होती सोळा. आत्या तुळशीला अशा प्रदक्षिणा घालत होती की विष्णूनं तिला घाबरूनच वर दिला असता. भाच्यानं संगणकावर आकडा बदलला आणि आत्या पूर्वीसारखी, गुडघे सांभाळत चालू लागली. मला ती धावणारीही बरी वाटली होती. जन्मभर बिचारी कधी धावली नाही.

खरी धमाल गणपतीच्या रिळानं केली. ते कुणीतरी कधीतरी उलटं गुंडाळून ठेवलेलं. टीव्हीवर लावलं तर माणसं खाली डोकं वर पाय. भाच्यानं चित्र अर्धा फेरा फिरवलं. आता माणसं सरळ झाली, पण चौपाटीवर समुद्रातून आमचा गणपती वर येत होता. पाटावर बसून, पाणी निथळत. अण्णांचे भाऊ त्याला घेऊन पाठमोरे किनाऱ्यावर आले, आरती झाली, कापूर लहानाचा मोठा झाला आणि सगळे उलट्या पावलांनी गणपतीला घेऊन घरी निघाले. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात, पण इतक्या लवकर? आम्ही हसून हसून बेजार. भाच्यानं चित्रांचा क्रम उलटा केला. सगळं सुतासारखं सरळ झालं. हिनं, मी, भाच्यानं, तिघांनीही संपूर्ण रीळ पाहिलं आणि माना डोलावल्या.

आई आपल्या खुर्चीवर बसून होती. वय शहाऐंशी. ऐकू कमी येतं. पण या चित्रपटांत ऐकायचं काही नव्हतंच, त्यामुळं त्या आठवड्यात ती आमच्या सर्वांच्या बरोबरीनं होती. ती म्हणाली, "हा कुणाचा गणपती?"

"आपलाच की!"

"आपल्याकडं उजव्या सोंडेचा कधी आणला?"

आम्ही पाहिलं. सोंड उजवीकडं. घरात एकदम शांतता. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं-ओवळं फार कडक. आणि रिळात तर मी मखरासमोर उभा राहून चकली खाताना दिसत होतो. तेवढ्यात हिचं लक्ष गेलं, की सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर आहेत आणि काका आरती डाव्या हातानं ओवाळताहेत. फिल्मची बाजूच उलटी लागली होती. इंजिनिअरनं चित्र फिरवलं होतं, आरशातून बाहेर काढलं नव्हतं. एक कळ दाबल्यावर सोंड डावीकडं गेली, पदर जागेवर आले आणि आईनं बसल्या जागी हात जोडले. गणपतीला की भाच्याला, कळलं नाही.

माझ्या मुंजीच्या रिळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार उरलेलं नाही. १९७३ साली अण्णांनी एकदा वापरून झालेलंच रीळ पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. त्यामुळं मुंज आणि महाबळेश्वर एकमेकांवर उमटली आहेत. मी चकोट करून मातृभोजनाला बसलो आहे आणि वेण्णा लेकमधली एक होडी माझ्या शेंडीवरून सावकाश निघून जाते. भाच्यानं विचारलं, दोन्ही वेगळी करायचा प्रयत्न करू का? मी नको म्हटलं. मला ती मुंज तशीच आठवते.

राहता राहिला आईचा तो संवाद. रिळामागून रीळ उतरत गेलं आणि प्रत्येकात आई हात वर करून तेच काहीतरी बोलत होती. हिला वाटलं, 'अहो, बास ना' असं लाजून म्हणत असतील. ताईचं मत, 'इकडं नको, मुलांकडं धरा.' भाचा म्हणाला, बहिऱ्यांच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला दाखवू, त्यांना ओठ वाचता येतात. तेव्हा मला सुचलं की जिचे ते ओठ आहेत ती याच खोलीत बसली आहे. मी आईच्या कानाशी जाऊन विचारलं.

आई म्हणाली, "'पुरे, रीळ संपेल.' दुसरं काय म्हणणार? मे महिन्याच्या धान्याचे पैसे होते त्यात."

आता चौदावं रीळ. डब्यात काय काय आहे ते अण्णा एका पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवत. चौदाव्यापुढं लिहिलं होतं : 'मुरुड. समुद्र. कॅमेरा - सौ.' म्हणजे हे रीळ आईनं घेतलेलं. अठ्ठावन्न मिनिटांत अण्णा असलेच तर यात. बाकी सगळीकडं ते कॅमेऱ्यामागं. म्हणून तर २००८ साली ते एकच रीळ मी बाजूला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला चिकटपट्टी लावली, ती घट्ट झाकणाच्या डब्यात घातली आणि डबा कपाटात, बँकेच्या कागदांशेजारी ठेवला.

पिशवी फोडली तशी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "लोणच्याची बरणी फुटली का?" व्हिनेगरचा भपकारा! ही फिल्म ॲसिटेटची असते. उष्ण, दमट हवेत ती कुजायला लागली की तिच्यातून व्हिनेगरचाच आम्ल वास सुटतो, आणि तो वायू कोंडला तर कुजणं आणखी वाढतं. तेरा रिळं सैल झाकणाच्या डब्यात वारा खात धडधाकट राहिली. जे एक मी जिवापाड जपलं, तेच मी लोणच्यासारखं मुरवलं.

फिल्म आक्रसली होती, कडांना लाटा आल्या होत्या. यंत्राचे दाते तिच्या भोकांत बसेनात. बाहेरची वेटोळी एकमेकांना चिकटलेली. उलगडायला गेलं की कडकडत. भाच्यानंही या वेळी मौज वाटल्यासारखं केलं नाही. आतल्या गाभ्याजवळचा चार-पाच हातांचा तुकडा तेवढा सुटला. तो आम्ही काचेवर ठेवला, खालून दिवा, वरून भिंग, भिंगावर मोबाइल. मी चिमट्यानं एक चित्र पुढं सरकवायचो, भाचा फोटो घ्यायचा. चारशे अकरा चित्रं. तीन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री हिनं चहा करून दिला आणि आपणहून चिमटा हातात घेतला. माझा हात कापायला लागला होता. भाचा म्हणाला, "मामा, वयामुळं होतं." मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते पंचवीस-सव्वीस सेकंद टीव्हीवर लावले. रंग गुलाबी पडलेले, चित्र थरथरणारं. समुद्र, वाळू, आणि मध्ये एक सदरा, एक पायजमा आणि एक मिटलेली छत्री. डोकं नाही. त्या कॅमेऱ्याचं पाहायचं भोक वर आणि भिंग खाली. जवळून घेतलं की पाहणाऱ्याला डोकं दिसतं, फिल्मला दिसत नाही. शिवाय एका कोपऱ्यात काहीतरी तांबूस, धुरकट, सारखं हलतंय. बिनडोक्याचा सदरा छत्री हलवून काहीतरी खुणा करतोय. कॅमेरा ढिम्म. मग छत्री वाळूत रोवली गेली, सदरा पुढं आला, वाकला, आणि पडद्यावर अण्णांचा चेहरा उतरला. चष्मा, कपाळावर आलेले केस, समुद्रावरच्या उन्हानं बारीक झालेले डोळे. ते आमच्याकडं पाहून दोन शब्द बोलले. कोपऱ्यातला तांबूस ढग नाहीसा झाला. अण्णा हसले आणि फिल्म संपली.

कुणीच काही बोललं नाही. शेवटी भाच्यानं आईला विचारलं, "आजी, काय म्हणाले गं?"

"'बोट काढ' म्हणाले. भिंगावर बोट होतं माझं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "परत लाव."

लावलं. सदरा, छत्री, चेहरा, बोट काढ. परत लाव म्हणाली. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा भाच्यानं कळ दाबायला हात उचलला तेव्हा आईनं हात वर केला. थेट रिळातल्यासारखा.

"पुरे आता. वीज जळते."